रस्त्याचा ठराव आधी की मानवी हक्क धोरणाचा?

ताई, तुमचा प्रश्न मी समजले तो असा. डिसेंबर २०२५च्या निवडणुकीत तुम्ही पहिल्यांदाच नगरपरिषदेवर निवडून आलात. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय आहेत. पहिला, बसस्थानकापासून भाजी मंडईपर्यंतच्या मुख्य रस्त्याचं काँक्रीटीकरण, गटार आणि पदपथ. दुसरा, शहरासाठी 'मानवी हक्क धोरण' स्वीकारण्याचा. रस्त्यावर सगळ्यांचं एकमत आहे. धोरणावर मात्र काही सदस्य म्हणतात की हे काम आयोगाचं आणि न्यायालयाचं, नगरपरिषदेचा त्याच्याशी संबंध नाही. आधी कोणता विषय मंजूर करून घ्यावा आणि धोरण कागदावरच राहू नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

नगरपरिषदांच्या बांधकाम विभागात अभियंता म्हणून माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर आता लहान शहरांना रस्त्यांच्या आराखड्यात मदत करते. त्या अनुभवातून सांगते: हे दोन विषय वेगळे ठेवूच नका. माणसाचा हक्क रस्त्यावर पाळला जाणार की नाही हे ठरतं अंदाजपत्रकात आणि आडव्या छेदाच्या नकाशात, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत कशाला किती जागा ते दाखवणाऱ्या नकाशात. धोरण महिनाभर आधी आलं की नंतर, याने त्यात फरक पडत नाही. अंदाजपत्रकात ज्याच्यासाठी रक्कम नाही ते काम होत नाही, आणि कार्यादेश निघाल्यावर पदपथावर चढायला व्हीलचेअरसाठी उतार मागितला तर तो 'जादा बाब' ठरून फाइल फिरत राहते. तेव्हा तांत्रिक मान्यतेला, म्हणजे वरिष्ठ अभियंत्याच्या मंजुरीला, जाण्याआधीचं अंदाजपत्रक तुमच्या हातात आलं पाहिजे.

'आपला संबंध नाही' म्हणणाऱ्या सदस्यांना संविधानाची बारावी अनुसूची उघडून दाखवा. ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी जे १८ विषय नोंदवले, त्यात चौथा विषय रस्ते व पूल हा आहे. नववा आहे दिव्यांगांसह समाजातल्या दुर्बल घटकांच्या हितांचं रक्षण. दोन्ही एकाच यादीत आहेत. शिवाय १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात मानवी हक्कांची व्याख्या जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी जोडलेली आहे, आणि या चारही गोष्टींचा मुख्य रस्त्यावर रोज संबंध येतो. राज्य मानवी हक्क आयोग तक्रार आल्यावर शिफारस करतो. तक्रार होऊ नये अशी रचना करणं मात्र नगरपरिषदेच्याच हातात असतं.

काही गोष्टी तुमच्या गावच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. रस्ता नगरपरिषदेच्या मालकीचा आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाचा? त्यांचा असेल तर तुमचा ठराव विनंतीपुरता राहतो आणि त्यांच्या अभियंत्याशी आधी बसावं लागतं. निधी कुठून येतोय? राज्याची नगरोत्थान योजना असो वा विशेष रस्ता अनुदान, मंजुरीच्या पत्रात अटी असतात, त्या वाचा. पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण झालंय का, आणि झालं असेल तर कधी? आणि रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी किती, विकास आराखड्यात किती? या शेवटच्या दोन आकड्यांमध्ये फरक असेल, तर तिथून पुढे बहुतेक भांडणं सुरू होतात.

म्हणून रुंदीचंच आधी बोलते. समजा आराखड्यात रस्ता १२ मीटरचा आहे आणि जागेवर कुठे साडेदहा, कुठे नऊ भरतो. कंत्राटदाराला काम सुरू करायची घाई असते, आणि मग एखाद्या सकाळी जेसीबी येऊन ओटे, पडव्या, भिंती काढायला लागतो. असं करता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजमध्ये रस्ता रुंद करताना एक घर असंच पाडलं गेलं होतं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात २५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि देशभरासाठी रीत घालून दिली. आधी अभिलेखावरून रस्त्याची मूळ रुंदी ठरवायची, मग मोजणी करून अतिक्रमण आहे का ते पाहायचं. असेल तर नोटीस द्यायची, हरकत ऐकायची, कारणांसह लेखी निर्णय द्यायचा आणि काढून घ्यायला पुरेसा वेळ द्यायचा. मूळ रस्ताच अपुरा असेल, तर आधी जमीन कायद्याने संपादित करायची.

त्याच महिन्यात, १३ नोव्हेंबरला, बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस द्यायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा वेगळा निकाल आला. त्यात रस्ते आणि पदपथांवरच्या अनधिकृत बांधकामांना अपवाद आहे, आणि काही अधिकारी तेवढाच भाग दाखवून नोटिशीची गरज नाही म्हणतात. रुंदीकरणाला महाराजगंजचा निकाल लागू आहे, हे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. भूमी अभिलेख खात्याची मोजणी निविदेच्या आधी झाली पाहिजे. भरपाई पैशात, टीडीआरमध्ये (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) की चटईक्षेत्रात (त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा), हे त्या-त्या मालकाशी बोलून ठरतं. लहान शहरात टीडीआरला फारसा बाजार नसतो, तेव्हा तो घेऊन माणूस करणार काय, हा प्रश्न सभेत जरूर विचारा.

आता पथविक्रेते. इथे जरा थांबते, कारण रस्ता सुधारला की पहिला घाव यांच्यावर पडतो आणि तो शहराच्या भल्यासाठी घातला असं सगळ्यांना मनापासून वाटत असतं.

न्यायालयाची भूमिका समजून घ्या, कारण दोन्ही बाजू तिचा अर्धाच भाग सांगतात. १९८१च्या पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथांवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हटवायला सुरुवात झाली. ते प्रकरण ओल्गा टेलिस खटला म्हणून गाजलं. १९८५ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात हेही म्हटलंय की पदपथ अडवून बसण्याचा हक्क कुणाला नाही, मात्र हटवायचं तर रीतसर आणि न्याय्य पद्धतीने. १९८९मध्ये सोदन सिंग प्रकरणात रस्त्यावर विक्री करणं हा वाजवी निर्बंधांसह व्यवसायाचा मूलभूत हक्क मानला गेला. या सगळ्यातून २०१४चा पथविक्रेता कायदा आला.

त्या कायद्याच्या काही तरतुदी तुम्हाला थेट लागतील. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. सर्वेक्षण दर पाच वर्षांतून किमान एकदा करायचं असतं. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. सर्वेक्षण आणि योजना होईपर्यंत कुठलाही भाग 'ना-फेरीवाला क्षेत्र' जाहीर करता येत नाही. नुसती गर्दी होते म्हणूनही नाही. आपोआप तयार झालेला जुना बाजार, ज्याला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो, तो ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही, आणि ५० वर्षांहून जुना असेल तर तो वारसा बाजार मानून आहे तिथेच ठेवायचा असतो. तुमच्या मंडईबाहेर बसणाऱ्या बायकांपैकी काहींच्या सासवाही तिथेच बसत असतील. ज्येष्ठांना विचारा, जुने फोटो आणि बाजार-वसुलीच्या पावत्या शोधा. 'पन्नास वर्षं' हा शब्द सभेत पुराव्यानिशी आला तर चर्चा वेगळ्या वाटेने जाते.

सर्वेक्षण झालेलंच नसेल तर रस्ता अडवून धरू नका. २०२०पासून पथविक्रेत्यांना कर्ज देणाऱ्या स्वनिधी योजनेत ज्यांना कर्ज किंवा शिफारसपत्र मिळालं, त्यांची यादी नगरपरिषदेतच आहे. तिच्यापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत जागेवरची पाहणी करता येते. ती आठवडे बाजाराच्या दिवशी आणि एखाद्या साध्या दिवशी, सकाळी आणि संध्याकाळी, अशी करा. संध्याकाळी सहानंतर बसणारा भजीवाला दुपारच्या यादीत सापडत नाही.

आणि मग नकाशा. १२ मीटरच्या रस्त्याचा छेद मी सहसा असा मांडते: दोन्ही बाजूंना १.८ मीटर मोकळा पदपथ, म्हणजे ३.६. वाहनांना ६ मीटर. एका बाजूला विक्रेत्यांसाठी २ मीटरची पट्टी. उरलेले ४० सेंटिमीटर कर्ब, म्हणजे पदपथाची उंच कड, वगैरेला. एस.टी.चा मार्ग असेल तर अभियंता वाहनांसाठी ७ मीटर मागेल आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसतं. मग विक्रेत्यांची पट्टी एका मीटरवर येते. ती पथारीला पुरते, पण हातगाडी आडवी लावली तरी विकणाऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही. अशा वेळी हातगाड्या जवळच्या गल्लीच्या तोंडाशी आणि पथाऱ्या मुख्य रस्त्यावर, अशी विभागणी विक्रेत्यांशी बोलून होते. मी हे अनेकदा होताना पाहिलंय. त्यांना गिऱ्हाइकाची वाट कुठून जाते हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

दुचाकी लावायची जागाही याच पट्टीतून मागितली जाईल. तुम्ही ठाम राहा. पट्टी एकदा पार्किंगला गेली की भाजीवाली पदपथावर चढते, पायी चालणारा रस्त्यावर उतरतो, आणि दोष भाजीवालीला लागतो. दुसरं म्हणजे, मोजणी करताना दुकानांच्या पायऱ्या, पुढे काढलेले पत्रे, फूटभर बाहेर मांडलेला माल आणि फलक हेही नकाशावर आले पाहिजेत. टोपलीवाली उठवली जाते आणि पक्क्या दुकानाची पायरी वर्षानुवर्षं राहते, हा माझ्या मते लहान शहरांमधला समतेचा सगळ्यात उघड भंग आहे. नियम दोघांना एकच हवा.

काम चालू असताना काय, हेही लिहून ठेवावं लागतं. काँक्रीट भरल्यावर वाहन सोडायला साधारण २८ दिवस जातात. तेवढे दिवस विक्रेते कुठे बसतील? त्या बाजूच्या घरातला आजारी माणूस, गरोदर बाई, डायलिसिसला जाणारे आजोबा बाहेर कसे पडतील? काम अर्ध्या-अर्ध्या रुंदीत करायचं, प्रत्येक घरासमोर तात्पुरता फळ्यांचा मार्ग द्यायचा आणि विक्रेत्यांना जवळच पर्यायी जागा द्यायची, या अटी निविदेत घाला. निविदेत असल्या की कंत्राटदार त्यांचा दर धरतो. नंतर तोंडी सांगून यातलं काही होत नाही.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर मोजणी, पाहणी, छेदाचा नकाशा आणि निविदेच्या अटी या चार गोष्टी तांत्रिक मान्यतेच्या आधी झाल्या पाहिजेत. पुढचा भाग दिव्यांगांचा, आणि तो पूर्णपणे बारकाव्यांचा आहे.

पदपथांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ ही मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, २.२ मीटर मोकळी उंची आणि कर्बची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर. उतार १ला १२. म्हणजे १५० मिलिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. लहान शहरांत कर्ब फूटभर उंच करायची सवय आहे, म्हणजे गाड्या वर चढणार नाहीत. पण मग म्हातारी माणसंही चढत नाहीत आणि सगळा पदपथ वाया जातो. गाड्यांना अडवायला खांब लावता येतात, मात्र दोन खांबांमधून व्हीलचेअर जाईल इतकं अंतर हवं. गल्ल्यांच्या तोंडाशी पदपथ तोडून खाली उतरवू नका, शक्य तिथे सलग ठेवा आणि वाहनाला चढून जाऊ द्या.

अंध व्यक्तींसाठीच्या पिवळ्या फरशांमध्ये पट्ट्यांची फरशी दिशा दाखवते आणि ठिपक्यांची फरशी थांबायला सांगते. एका तालुक्याच्या गावी मी पट्ट्यांची ओळ सरळ विजेच्या खांबावर जाऊन संपलेली पाहिली. फरशीचे पैसे अंदाजपत्रकात होते, खांब हलवायचे नव्हते, म्हणून तसं झालं. तेव्हा महावितरणचे खांब, रोहित्र आणि दूरसंचारच्या पेट्या हलवण्याचा खर्च वेगळ्या ओळीत मागा. गटाराच्या झाकणांच्या फटी, चेंबरची पातळी आणि झाडाभोवतीचे कठडे हेही तपासून घ्या.

हे सगळं उपकार म्हणून मागायचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेची मानकं आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मानकं केवळ शिफारशीसारखी ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं करायला सांगितलं. १४ मे २०२५च्या आदेशात तर अडथळ्याविना वापरता येणारा पदपथ हा अनुच्छेद २१खालचाच हक्क असल्याचं म्हटलं, आणि तो दिव्यांगांना वापरता आला पाहिजे हेही त्यात आहे. नगरपरिषदेला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. तो मात्र या रस्त्याच्या उतारांवर खर्च होऊ देऊ नका. उतार हा रस्त्याचाच भाग आहे, त्याचे पैसे रस्त्याच्याच अनुदानातून यावेत.

रस्त्याची पातळी हा आणखी एक मुद्दा. जुना थर न खोदता त्यावर काँक्रीट ओतलं की रस्ता वर येतो आणि दोन्ही बाजूंची जुनी, बसकी घरं खाली जातात. पहिल्या पावसात पाणी त्यांच्याच उंबऱ्यातून आत शिरतं, कारण नवीन बांधलेल्यांनी जोतं उंच घेतलेलं असतं. अंदाजपत्रकात खोदाईची बाब आहे का आणि अंतिम पातळी जोत्यांच्या खाली आहे का, हे विचारा. उभ्या छेदाच्या, म्हणजे रस्त्याची लांबीभरची पातळी दाखवणाऱ्या, नकाशावर प्रत्येक घराच्या जोत्याची पातळी लिहून मागा.

कामगारांबद्दल थोडंच लिहिते, कारण कायदा इथे स्पष्ट आहे. जुन्या भूमिगत गटाराची जोडणी करताना माणूस आत उतरवायचा नाही. २०१३चा कायदा ते मना करतो, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपयांवर नेली. निविदेत यंत्राची अट घाला. मजुरांना किमान वेतन बँकेत, पिण्याचं पाणी, बायकांसाठी आडोसा आणि शौचालय, आणि इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी, इतकं तरी हवं. मंडईत दिवसभर बसणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह याच आराखड्यात येतंय का, तेही पाहा. मुंबईत 'राइट टू पी' आंदोलनाने हा विषय महापालिकेला ऐकायला लावला. लहान गावात तो अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. तुम्ही बोला.

आता धोरणाच्या मसुद्याबद्दल. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात प्रतिष्ठा, सर्वसमावेशकता, सहभाग असे शब्द बरेच आहेत, पण कोणी काय करायचं हे कुठेच नाही. जगात हा प्रयोग नवा नाही. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहराने १९९७मध्ये स्वतःला मानवी हक्कांचं शहर म्हणून घोषित केलं. सॅन फ्रान्सिस्कोने १९९८मध्ये महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारित स्थानिक कायदा केला आणि आपल्या खात्यांना कामाची व खर्चाची त्या नजरेने तपासणी करायला लावली. मला त्यातला तपासणीचा भाग सगळ्यात उपयोगी वाटतो. जवळचं उदाहरण पुण्याचं. तिथे २०१६मध्ये पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं आली. जंगली महाराज रस्त्यावर ती आराखड्यात आणि निविदेत उतरली, म्हणून तिथले रुंद पदपथ आज वापरात आहेत.

तुमचं धोरण दोन पानांचं असलं तरी चालेल, पण त्यात मी हे लिहीन: ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकाला एक हक्क-तपासणी पत्रक जोडलेलं असेल. कोणाची जागा, रोजगार किंवा ये-जा बाधित होते आणि त्यासाठी अंदाजपत्रकातल्या कोणत्या बाबीत किती तरतूद आहे, हे त्यात लिहिलेलं असेल. पत्रकावर नगर अभियंत्याची सही असेल, दिव्यांग प्रतिनिधी आणि पथविक्रेता समितीचा अभिप्राय असेल, आणि ते मराठीत नगरपरिषदेच्या फलकावर लागेल. पत्रकाशिवाय विषय सभेपुढे येणार नाही. रस्त्याच्या ठरावातच लिहा की हे पहिलं काम या धोरणाखाली होत आहे आणि पत्रक ठरावाचा भाग आहे.

शब्दरचना मुख्याधिकाऱ्यांकडून आधी तपासून घ्या. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. कायद्याबाहेरचं एखादं वाक्य राहिलं, तर विरोधकांना तेवढंच पुरतं. 'कोणालाही हटवणार नाही' असं लिहू नका. '२०१४च्या कायद्यातील सर्वेक्षण, नोटीस व पर्यायी जागेची प्रक्रिया पूर्ण केल्याशिवाय हटवणार नाही' असं लिहा.

सभेआधी एक पाहणी ठेवा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, अभियंता, एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, एक अंध व्यक्ती, दोन विक्रेत्या आणि दोन दुकानदार. संध्याकाळच्या गर्दीत बसस्थानक ते मंडई पायी चाला, आणि अभियंत्याच्या हातात नकाशा असू द्या, म्हणजे जिथे अडलं तिथे लगेच खूण होते. दुकानदारांना वगळू नका. त्यांची भीती बहुतेक वेळा दुकानाच्या दाराची असते, आणि विक्रेत्यांच्या पट्टीत दारासमोर मोकळी जागा सोडली की बराच विरोध मावळतो.

तशीच पाहणी, शक्यतो त्याच लोकांसह, अंतिम देयकाच्या आधी होईल ही अटही निविदेत घालून घ्या. मोजमाप पुस्तिकेत उताराची लांबी भरलेली असते, पण तो १ला १२ आहे की १ला ६, हे त्यावरून जाऊन पाहिल्यावरच कळतं. दोष निघाला तर दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामानंतर दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असते त्या मुदतीत, कंत्राटदाराकडून स्वखर्चाने दुरुस्त करून घेता येतो, आणि अनामत रक्कम तोवर नगरपरिषदेकडेच असते. अंदाजपत्रकाची प्रत मिळाली की छेदाचा नकाशा आणि बाबींची यादी इथे टाका, नावं-गावं झाकून. कुठली बाब राहिली आहे ते मी पाहून सांगेन.